एकवीस सुतळी बॉम्बची सलामी

वालचंदनगर,
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप मोहनदादा यांस,

संजूचा नमस्कार. आईनं लहानपणी पत्राचा मायना घोटून घेतला होता, म्हणून हात आपोआप ‘तीर्थस्वरूप’ लिहून गेला. लिहिलंच आहे तर खोडत नाही.

इकडे सगळे ठीक आहोत. यांची दुपारची शिफ्ट चालू आहे. माझ्या शाळेचं स्नेहसंमेलन एकदाचं पार पडलं, चौथीच्या पोरांनी स्टेज मोडायचं बाकी ठेवलं. रतनवहिनींचे गुडघे कसे आहेत? त्यांना म्हणावं, तेल चोळत बसू नका, बारामतीला जाऊन दाखवून या. तू नेशील याची वाट बघितली तर श्रेयाच्या साखरपुड्यात त्यांना खुर्चीवरून उचलावं लागेल.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू स्पीकर लावतोस, दादा. शेजारी तुझे दोघे-तिघे बसलेले असतात, आणि मी कामाचं बोलायला लागले की तू ‘बरं बरं, कळलं, ठिवतो’ म्हणून मोकळा. श्रेया म्हणाली, ‘आत्या, पप्पांना लिहूनच दे. ऐकायची त्यांना सवय नाही.’ तुझी लेक तुला चांगली ओळखते. ती पुन्हा इकडे आली की हे पत्र तिच्याच हाती देईन.

ज्ञानेश बरा आहे. तू विचारलं नाहीस, पण सांगते. गेल्या फोनवर तू मांडव सांगितलास, आचारी सांगितलास, सांगवीच्या पाहुण्यांच्या गाड्या कुठं लावायच्या तेही सांगितलंस. तुझा सख्खा धाकटा भाऊ डिसेंबरपासून माझ्या घरी आहे, तो जेवतो का, झोपतो का, एवढं विचारायला तुला सवड झाली नाही. सत्कार समितीचा अध्यक्ष म्हटल्यावर कामं असणारच.

तर तो जेवतो. गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं म्हणून तांब्याभर ताक पितो. क्वार्टरच्या मागं दोन वाफे केलेत, मेथी आणि कोथिंबीर. पहिल्या आठवड्यात कंपनीचा भोंगा झाला की तो जेवणाच्या टेबलाखाली जायचा, आणि मग बाहेर येऊन मलाच सॉरी म्हणायचा. आता भोंगा झाला की घड्याळ बघतो आणि ‘लेट हाय आज’ म्हणतो. त्याची बायको निकिता पोराच्या शाळेपायी बारामतीला माहेरी आहे, शनिवारी येते. ती आली की तो दाढी करतो. अशी आमची प्रगती. तुझ्या फ्लेक्सवर छापण्यासारखं यात काही नाही.

आता तुझ्या हुकमाचं. त्या फोनवर शेवटी तू मला तीन कामं लावलीस. साखरपुड्याला ज्ञानेशनं पदकं लावलेला कोट घालून यायचं. गोळ्यांची पाकिटं बरोबर आणायची नाहीत, पाहुणे बघतील. आणि तिसरं तर तुझ्यासारख्यालाच सुचावं: भर मांडवात त्याच्या गळ्यात तुळशीची माळ घालायची, म्हणजे सांगवीकरांना वाटेल की फौजीनं दारू सोडली.

दादा, जो माणूस कधी प्यायलाच नाही त्याची दारू तू कशी सोडवणार आहेस, ते मला एकदा समजावून सांग. शाळेत पोरं खोटं बोलतात, पण आधी काय बोललो होतो ते लक्षात ठेवून बोलतात. तू तेवढेही कष्ट घेत नाहीस.

मी ते सगळं परत लिहिते, कारण तू ते विसरला आहेस किंवा विसरल्याचं सोंग करतो आहेस. गावातला फौजी नोकरी संपवून आला की त्याची मिरवणूक काढायची, ही रीत चांगलीच आहे. वीस वर्षं बर्फात आणि वाळूत काढलेल्या माणसाला चार लोकांनी ओवाळलं तर कुणाचं बिघडतं? पण ती रीत तुझ्या हातात पडली. शेजारच्या गावानं जेसीबीतून फुलं उधळली म्हणून तू दोन जेसीबी आणलेस. फ्लेक्सवर ज्ञानेशचा फोटो तळहाताएवढा आणि तुझा पुरुषभर. फौजेत तू किती वर्षं होतास, असं परक्या माणसानं विचारलं असतं.

ज्ञानेशनं तुला आधी फोन करून सांगितलं होतं, ‘दादा, मिरवनूक काढ, पन फटाके नकोत.’ तू हसलास. ‘आरं, फौजी मानूस अन फटाक्याला भ्यायलाय!’ असं म्हणून तू ते चौकात दहा जणांना सांगितलंस. आणि मग फटाके रद्द करून तू तोफा आणल्यास. वेशीपासून मारुतीच्या देवळापर्यंत लोखंडी पायपात ठासलेले एकवीस सुतळी बॉम्ब, वातीला वात जोडून. एकवीस तोफांची सलामी! ही कल्पना आपली स्वतःची आहे हे तू माइकवरून दोनदा सांगितलंस. कुणी चोरेल अशी भीती वाटली असेल तुला.

पहिल्या दोन आवाजांना तो नुसता ताठ झाला. तिसऱ्याला त्यानं, शेजारी ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या असलेल्या श्रेयाला खांद्याला धरून उघड्या जीपमधून खाली ओढलं, चाकाच्या आडोशाला घातलं आणि तिच्या अंगावर पालथा पडला. उरलेले सगळे आवाज त्यानं तसेच काढले, तुझ्या लेकीला अंगाखाली झाकून. मध्येच थांबवायची सोय नव्हती. वातीला वात तूच जोडून घेतली होतीस.

गाव हसलं. गावाचं सोड, त्यांना काय कळणार. कुणीतरी गर्दीतून म्हणालं, ‘फौजीनं सकाळीच घेतल्याली दिसतीया.’ आणि माइक तुझ्या हातात होता. तू म्हणालास, ‘व्हय व्हय, जरा जास्त झाली! मिल्ट्रीचा कोटा हाय, चालायचंच!’ चार कर्ण्यांतून सगळ्या सणसरनं ते ऐकलं आणि आणखी हसलं. तुझ्या चेहऱ्यावर तेव्हा सुटल्यासारखं दिसत होतं. मी जीपपासून हातभर अंतरावर होते, मी बघितलं.

त्याच्या कोट्याच्या बाटल्या इतकी वर्षं कुणाच्या कपाटात गेल्या, हे मी रतनवहिनींना विचारणार नाही. त्यांनाच त्या पुसून ठेवाव्या लागतात.

श्रेया चाकाजवळून उठली तेव्हा तिचं कोपर सोललं होतं. ती मला काय म्हणाली माहीत आहे? ‘आत्या, काकांच्या तोंडाला कसलाच वास नव्हता. ते सारखे, हलू नको, हलू नको म्हणत होते.’ तुझी पोर, वय तेवीस, अर्ध्या मिनिटात ओळखून गेली. तुला मात्र अजून कळायचं आहे.

आणि त्यानंतरचं तर मी कुणाला सांगायलाही लाजते. ज्ञानेश उठला आणि उसात शिरला. तू कार्यक्रम पुढं चालू ठेवलास, कारण प्रमुख पाहुणे खोळंबले होते. सत्कारमूर्ती जागेवर नाही, तर तू सत्कार फ्लेक्सचा केलास. शाल चौकटीला बांधली आणि हार खिळ्याला अडकवलास. दादा, जिवंत माणसाच्या फोटोला तू हार घातलास, आणि शेजारी उभा राहून हसत फोटो काढून घेतलास. तो अजून तुझ्या मोबाइलवर लावलेला आहे, श्रेयानं मला दाखवला. मला तुझी किळस आली. हे मी चिडून लिहीत नाही, दोन महिने झालेत, आता राग तेवढा राहिलेला नाही. किळस मात्र आहे.

त्या दिवशी मी ज्ञानेशला परस्पर इकडे घेऊन आले. कुठून आणलं ते तू विचारलं नाहीस. ‘न्हे तुज्याकडं, चार दिस लपीव,’ एवढंच म्हणालास. लपीव! जसं काही त्यानं दरोडा घातला होता.

पुढच्याच आठवड्यात आम्ही त्याला पुण्याला, फौजेच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, मराठी नीट बोलत होत्या. त्यांनी त्याला तासभर विचारलं. त्यानं त्यांना काय सांगितलं ते सगळं मला माहीत नाही, मी बाहेर होते. मला त्यानं एवढंच सांगितलंय की पुढच्या गाडीत त्याचा जोडीदार होता आणि मागच्या गाडीत हा. एवढंच मी तुला सांगणार. जास्त सांगितलं तर पुढच्या सत्काराच्या भाषणात तू ते घालशील.

मला आत बोलावल्यावर बाई म्हणाल्या, ‘हा आजार आहे. याला नाव आहे, औषध आहे, वेळ लागतो. पण तुमच्या बाजूची माणसं पेन्शनीच्या खिडकीवर दिसतात, माझ्याकडे कुणी येत नाही. पुण्यामुंबईतल्यांचं काय होतं ते आम्हाला थोडंफार माहीत आहे. इंदापूर, बारामतीकडच्या गावात परत गेलेल्यांचं काय होतं, ते कुणी कधी नीट विचारलेलंच नाही.’

कुणी विचारायला आलं की काय होतं, ते पुढं जानेवारीत मी डोळ्यांनी बघितलं. ज्ञानेशचे कपडे न्यायला मी सणसरला आले, त्याच दिवशी ती स्वरूपा नावाची विद्यापीठातली पोरगी आली होती. बिचारी उन्हात एसटीनं आली होती, माजी सैनिकांना चार प्रश्न विचारायला. तू तिला देवळाच्या मंडपात बसवलंस, गावातल्या सगळ्या जुन्या फौजींना प्लास्टिकच्या खुर्च्यांवर ओळीनं मांडलंस, आणि मधल्या खुर्चीत स्वतः बसलास. फौजेचा आणि तुझा संबंध काय, तर कपाट.

तिनं विचारलं, ‘झोप नीट लागते का?’ उत्तर तू दिलंस. ‘म्याडम, सणसरचं पानी पिल्याली वाघं हायती ही. झोपंचं काय घिऊन बसलाय!’ तिनं विचारलं, ‘अचानक राग येतो का, जुनं काही आठवतं का?’ पुन्हा तूच. ‘देशासाटी लढल्याली मानसं, राग येनारच की!’ टाळ्या. कडेच्या खुर्चीवर आपले म्हातारे नाना, ते म्हणायला लागले होते, ‘पोरी, मला कदी कदी…’ आणि तू त्यांच्या हातात कप दिलास. ‘नाना, च्या घ्या, निवतोय.’ म्हाताऱ्यानं चहा घेतला. पुढं बोललेच नाहीत.

त्या पोरीला तू शाल दिलीस, नारळ दिलास, फ्लेक्ससमोर फोटो काढलास आणि एसटीत बसवून दिलंस. तिच्या कागदावर आपलं गाव ठणठणीत निघालं असणार. त्या गावात एका म्हाताऱ्याला काहीतरी सांगायचं होतं, हे तिला कळलं की नाही कोण जाणे.

आता मी जे टाळत होते ते लिहिते.

मिरवणुकीच्या दिवशी मी ज्ञानेशच्या मागं उसात गेले ती थेट आपल्या जुन्या विहिरीवर निघाले. ऊन अजून होतं. तुझा माइक तिथपर्यंत ऐकू येत होता, तू पंगती बसवत होतास. तो काठावर पाय आत सोडून बसला होता. बूट काढून शेजारी शेजारी ठेवलेले, मोजे घडी करून आत घातलेले. फेटा त्यांच्यावर.

मी जाऊन त्याच्या जवळ बसले. मी काय बोलले ते मला आठवत नाही. पाणी खाली गेलंय यंदा, असलं काहीतरी बोलले असेन. त्याचा शर्ट मी मुठीत धरून ठेवला होता. तो म्हणाला, ‘ताई, श्रेयीला लागलं न्हाय न्हवं?’

मी म्हणाले, ‘नाही रे. कोपराला जरा खरचटलंय.’

‘आन बाकीची?’

‘बाकीची जेवायला बसलीत.’

मग तो उठला. बूट मी हातात घेतले, तो अनवाणी चालत रस्त्यापर्यंत आला.

ते बूट बघून मला काय आठवलं ते तुला सांगायला नको, पण तू नेहमीप्रमाणे ‘कसलं काय?’ म्हणशील, म्हणून लिहून ठेवते. आपले वडील, तात्याही फौजीच होते. तेही असेच आले होते. ताट पडलं तरी उभे राहायचे, दार लावून घेतलं की अंगावर यायचे, घरात झोप येत नाही म्हणून गोठ्यात पडायचे. गाव त्यांना तिरसट म्हणायचं आणि आपणही म्हणायचो. मी बारा वर्षांची होते. विहिरीच्या काठावर त्यांच्या चपला नीट जोडून ठेवलेल्या मी पाहिल्या. तू मला पाहिलं नाहीस. पोलीस यायच्या आधी तू त्यातली एक उचललीस आणि पाण्यात टाकलीस, पाय घसरला असं दिसावं म्हणून.

तू तेव्हा अठराचा होतास. आई ओसरीवर बेशुद्ध पडली होती आणि चुलते दाराशी उभे राहून काहीतरी कुजबुजत होते. त्यांनीच तुला ते करायला लावलं असेल. त्या पोराला मी कधी दोष दिला नाही, दादा. त्याच्यासाठी मी पुष्कळदा रडले आहे. पण आता तू बावन्नचा आहेस, तुला कुणी सांगितलं नव्हतं, माइक तुझ्याच हातात होता, आणि तू तेच केलंस. तात्यांचा पाय घसरला, ज्ञानेशला जास्त झाली. आपल्या घरात कुणी आजारी पडतच नाही.

डॉक्टरीणबाईंनी माझ्यासमोरच ज्ञानेशला विचारलं होतं, घरात आधी कुणाला असा त्रास होता का. तो म्हणाला, ‘न्हाय.’ वडील? ‘विहिरीत पाय घसरून गेले.’ तो तेव्हा पाच वर्षांचा होता, त्याला तू सांगितलंस तेवढंच माहीत आहे. पुढच्या तारखेला जायच्या आत मी त्याला खरं सांगणार आहे, आणि मग बाईंनाही. तुझी परवानगी मागत नाही, फक्त कानावर घालते. त्याला वाटतं की आपल्या सगळ्या खानदानात तोच एकटा मोडका निघाला. रोज सकाळी वाफ्याला पाणी देताना त्याच्या तोंडावर ते दिसतं. ते मला बघवत नाही.

आता सोयरिकीचं. इथं जरा सावरून बस.

गेल्या बुधवारी तुझ्या होणाऱ्या विहीणबाई, यशराजच्या आई शकुबाई, सांगवीहून माझ्या दारात आल्या. बरोबर त्यांच्या मळ्यातली पिशवीभर वांगी आणि दोडके. सोयरीक ठरताना मुलीच्या आत्याकडे चौकशीला यायचं, ही जुनी पद्धत. तुला वाटलं होतं त्या बंगला आणि ट्रॅक्टर बघून खूश झाल्या. पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, ‘बाई, मी आडपडदा ठिवून बोलत न्हाय. तुमचा धाकटा भाऊ पितो म्हनं. सणसरात चार घरी इचारलं, चारी घरी त्येच सांगितलं. माझा मालक त्येच्याच पायी गेला. कायबी चालंल मला, पन ज्या घरात बाटली हाय तितली सोयरीक नको. पोरगी गुणाची हाय, म्हून एकदा तुमच्या तोंडून ऐकाय आले.’

दादा, तुझ्या शहाणपणाचा कळस बघ. भाऊ वेडा आहे असं कळलं तर पोरीचं लग्न मोडेल, म्हणून तू त्याला दारुडा केलंस; आणि लग्न मोडायला निघालं ते दारूवरून! सबंध बारामती-इंदापुरात तू नेमकी अशी विहीण शोधलीस.

तुला शिव्या देते पण खरं सांगू का, त्या क्षणी मीही घाबरले. श्रेयाचं लग्न माझ्या एका वाक्यावर आलं होतं. दारूचं खोटं आहे म्हणावं तर मग खरं काय, ते सांगावं लागणार. मी दोडके पिशवीतून काढून ताटात ठेवत राहिले. तेवढ्यात ज्ञानेश मागच्या दारानं आत आला. हाताला माती होती. त्यानं सगळं ऐकलं होतं.

तो म्हणाला, ‘मावशी, मी पीत न्हाय. कदीच न्हाय प्यालो. मला आजार हाय, डोक्याचा. आवाज झाला की मी हितं नसतो, तितंच असतो. त्या दिशी श्रेयाला मी खाली वढली ती तिला काय हू नये म्हून.’ आणि फडताळातून गोळ्यांची पाकिटं आणून त्यानं त्यांच्या मांडीवर ठेवली.

मला वाटलं, संपलं सगळं.

शकुबाईंनी पाकीट उलटसुलट करून बघितलं. ‘झोपत वरडता का?’

‘पयलं लई वरडायचो. आता कमी हाय.’

‘जेवन जातं का?’

‘जातं.’

‘गोळ्या चुकवता का?’

‘ताई चुकवू देत न्हाय.’

मग त्यांनी पाकिटं परत त्याच्या हातात दिली, आणि माझ्याकडे वळल्या. ‘आजारपन काय, कुनालाबी येतं. त्येला मी नाव ठिवत न्हाय. पन मोहनराव ह्येला दारुडा का म्हनले?’

मी तुझी बहीण आहे, वकील नाही.

त्याच बोलल्या पुढं. ‘सख्ख्या भावाला जो मानूस चार लोकांत दारुडा करतो, त्यो उद्या काय करंल? माझी सून बाळंतपनात आजारी पडली, तर तिचा बाप आमाला काय सांगंल? का तिच्यावरबी कायतरी ढकलंल? मला काकाची भीती न्हाय, बाई. मला बापाची हाय.’

हे मी माझ्या मनचं लिहिलेलं नाही. जसं बोलल्या तसं लिहिलंय. मला ते ऐकून वाईट वाटलं आणि त्याच वेळी जन्मात वाटलं नव्हतं इतकं बरंही वाटलं.

जाताना त्यांनी अट सांगितली. साखरपुड्याच्या बैठकीत, नारळ बदलायच्या आधी, मोहनरावांनी स्वतःच्या तोंडानं खरं सांगायचं. ‘ज्या गावाम्होरं दारुडा म्हनलं, त्येच गाव मांडवात आसंल. तितंच सांगायचं. न्हाय जमलं, तर मी आपला नारळ घिऊन माघारी.’ आपणहून तुला फोन करणार नाही असंही म्हणाल्या. रविवारी श्रेया इथं आली होती, तिला मी सगळं सांगितलं. तिला रडू येईल असं मला वाटलं होतं. ती काकाजवळ बसून हरभरा सोलत होती. म्हणाली, ‘शकुमावशींना नारळ उचलायची गरज पडणार नाही. पप्पा दारू म्हणाले तर पाटावरून मीच उठेन.’ तिचा यशराजवर जीव आहे, हे तुला माहीत नसेल. मला माहीत आहे.

तेव्हा आता पोरीचं लग्न तुझ्या तोंडात आहे. सत्कार नाही, फ्लेक्स नाही, आणि तुझ्याऐवजी बोलायला दुसरं कुणी नाही.

रविवारी, तेवीस तारखेला, आम्ही सकाळीच येतो. ज्ञानेश साधा पांढरा शर्ट घालेल. गोळ्या त्याच्या खिशात असतील, आणि जेवणानंतर तो त्या सगळ्यांसमोर घेईल. दाराजवळ, पाठ भिंतीला लागेल अशी एक खुर्ची त्याच्यासाठी धरून ठेव. डीजे नको. एकही फटाका वाजला तर आम्ही आल्या पावली परत फिरू आणि श्रेया आमच्या गाडीत असेल. माळ आणली असशील तर स्वतःच्या गळ्यात घाल, तुला उपयोग होईल.

तुला भाषणं छापील करायची सवय, आणि खरं बोलायची अजिबात नाही. म्हणून वाक्यं लिहून देते. चौथीच्या पोरांना मी याहून लांब देते, तेव्हा पाठ व्हायला हरकत नाही:

माझा भाऊ ज्ञानेश पीत नाही. तो आजारी आहे. मी खोटं बोललो.

एवढंच. ‘देश’ म्हणायचं नाही, ‘वाघ’ म्हणायचं नाही, ‘थोडासा’ आणि ‘तसं काही नाही’ हेही नाही. बोलताना सांगवीकरांकडे बघू नकोस, माझ्याकडेही नको. ज्ञानेशकडे बघून बोल. त्यानं आजवर तुझ्याविरुद्ध एक शब्द काढलेला नाही. काल मी तुझ्या नावानं बोटं मोडत होते तर मलाच म्हणाला, ‘दादाबी घाबारला आसंल गं, ताई.’

अजून तरी तुझीच बहीण,
संजीवनी